दीड हात अंतर : बारामती ते इंदापूर, परसबागांच्या वाटेने

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता साधारण पन्नास किलोमीटरचा आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावे मागे टाकीत तो इंदापुरात पोहोचतो. आषाढवारीत तुकोबांची पालखी याच बाजूने पंढरपूरकडे जाते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीत अश्वांचे. एरवी हा रस्ता उसाच्या गाड्यांचा, दुधाच्या टेम्पोंचा आणि शाळेच्या सायकलींचा असतो. ज्या वृद्धांना दवाखान्याच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्या घरी जाऊन त्यांना तपासण्यासाठी मी अनेक वर्षे या वाटेने ये-जा करीत आलो आहे.

तपासणी आटोपली की घरातले कोणीतरी हात धुण्यासाठी मागील दारी घेऊन जाते. तेथे मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू, कढीपत्ता, एखादा शेवगा, आणि अलीकडे जवळजवळ प्रत्येक घरी टोमॅटो. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही कधी कधी ‘बेलवांगी’ हा शब्द येतो. ही बाग बहुधा घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीची असते. शेती मुलाच्या हाती गेलेली, स्वयंपाकघर सुनेच्या हाती गेलेले. उरलेला हा दहा-बारा फुटांचा तुकडा मात्र पूर्णपणे त्यांचा. म्हणूनच मी तो लक्षपूर्वक पाहतो. रक्तदाब मोजून जे कळत नाही, ते कित्येकदा या तुकड्याकडे पाहून कळते. वाफा कोरडा पडला असेल, तर आजोबा आठवडाभर उठलेले नाहीत. पिकून गळालेली फळे खालीच असतील, तर आजींना वाकता येईनासे झाले आहे, किंवा त्यांना दिसेनासे झाले आहे.

या मुलखाचा स्वभाव दुहेरी आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश. येथे पाऊस बेताचा आणि लहरी. १८७६-७७ च्या दुष्काळात ज्याच्या खोदाईला हात लागला तो नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्याच्या खालचा पट्टा पालटला. ऊस आला, पुढे कारखाने आले. अतिपाण्याने काही ठिकाणी जमिनी चोपणही झाल्या. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र माळ तसाच राहिला : वीतभर माती आणि खाली मुरूम. बारामतीजवळच्या माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अशाच माळावर उभी आहे. तेथील शेतेच मुळी खडक फोडून तयार केलेली आहेत. दुष्काळ, क्षार आणि उष्मा यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला याहून योग्य जागा मिळाली नसती.

परसातील टोमॅटोलाही हा दुहेरीपणा चुकत नाही. काळ्या, पाणी धरणाऱ्या मातीत मुळे गुदमरतात, आणि हिरवेगार रोप एके दिवशी माना टाकते. अशा ठिकाणी वीतभर उंचीचा गादीवाफा करून त्यावर लागण करावी. मुरमाड जागेत उलट करावे : दीड वीत खोल खड्डा घेऊन त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि माती भरावी, आणि पाणी थोडे थोडे, पण नियमित द्यावे. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी वाफा तुडुंब भरणाऱ्यांच्या फळांना बुडाशी काळपट, दबलेला डाग पडतो. हा डाग रोगजंतूंमुळे पडत नाही. पाण्याच्या अनियमितपणामुळे फळाला कॅल्शियम वेळेवर पोहोचत नाही, म्हणून पडतो. त्यावर औषध फवारून काहीही साधत नाही.

माळेगावच्याच परिसरात शारदानगर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचे हे केंद्र १९९२ पासून कार्यरत आहे, आणि डच तंत्रज्ञानाच्या साहाय्याने उभे राहिलेले भाजीपाला गुणवत्ता केंद्रही तेथेच आहे. जानेवारीच्या सुमारास तेथे ‘कृषिक’ प्रदर्शन भरते तेव्हा निवृत्त मंडळींना अवश्य घेऊन जावे. टोमॅटोची रोपे कशी वाढवतात हे तेथे पाहण्यासारखे असते. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये नारळाच्या भुश्याने भरलेले कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकच बी. दोन बिया पडल्या तर एक रोप काढून टाकतात. सुटेपणाचा हा नियम तेथे पहिल्या दिवसापासून पाळला जातो, आणि आपल्या परसात नेमका तोच मोडला जातो.

एक विसंगती मला नेहमी नवलाची वाटते. या भागातील ऊस उत्पादकांनी तीन फुटांची सरी सोडून साडेचार-पाच फुटांचा पट्टा स्वीकारला, त्याला आता बराच काळ लोटला. अंतर वाढवले की ऊस जाड भरतो, हवा खेळते, आंतरमशागत सोपी जाते, हे येथील कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. द्राक्षबागाईतदार तर ओळींमधून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट ठेवतो. परंतु तीच व्यक्ती पंचाहत्तरीनंतर परसात टोमॅटो लावते, तेव्हा दोन रोपांत वीतभर जागा सोडते. जागा थोडी आहे, वाया कशाला घालवा, हा त्यामागील विचार. आयुष्यभर काटकसरीने जगलेल्या पिढीला मोकळी जमीन बघवत नाही.

टोमॅटोची गरज वेगळी आहे. बुटक्या, झुडपासारख्या वाढणाऱ्या वाणांना दोन रोपांत ४५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत ९० सेंटिमीटर अंतर हवे. काठीच्या वा तारेच्या आधाराने उंच चढणाऱ्या वाणांना दोन रोपांत साठ-पासष्ट सेंटिमीटर आणि ओळींत किमान ९०, शक्य असेल तर १२० सेंटिमीटर. यासाठी टेप आणण्याचे कारण नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा आपला जुना ‘हात’ हा जवळपास ४५ सेंटिमीटरचाच असतो. बुटक्या वाणाला एक हात, उंच वाणाला दीड हात, आणि दोन ओळींमध्ये दोन हात वा अधिक. हे माप आजोबांना सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटते. सेंटिमीटर सांगितले की ते मान हलवतात आणि आपल्याच पद्धतीने लावतात!

दहा फूट लांब-रुंद वाफ्यात उंच वाणाची, ओळींत मीटरभर अंतर ठेवून, पंधरा रोपे बसतात. मी चाळीस-चाळीस रोपे पाहिली आहेत. नीट वाढलेले एक रोप हंगामात दोन-तीन किलो फळ सहज देते. दोन-चार माणसांच्या घराला खरे तर आठ-दहा रोपे पुरे होतात. दाटीतील चाळीस रोपे मात्र वरच्या वर प्रकाशासाठी भांडतात, खाली पिवळी पडतात, आणि पाने ओली राहतात. या शेवटच्या गोष्टीला सर्वाधिक महत्त्व आहे. करप्याच्या बुरशीला रुजण्यासाठी पान काही तास सलग ओले लागते. सुटसुटीत रोपांवरचे दव ऊन चढताच उडते, दाटीतले दुपारपर्यंत टिकते. पांढऱ्या माशीचेही असेच. ती पाने मुरडणाऱ्या रोगाचे विषाणू वाहते, आणि दाटीत ती पानांच्या मागे बसलेली दिसतच नाही. २०१४ मध्ये भारतात प्रथम महाराष्ट्रात आढळलेली टुटा ही नागअळी पानांत पांढुरकी नागमोडी रेघ ओढते. मोकळ्या रोपावर ती रेघ दिसताच पान तोडून नष्ट करता येते, गर्दीत ती फळापर्यंत पोहोचल्यावर कळते. रोपांत अंतर असेल तर औषधाची बाटली उघडण्याची वेळच क्वचित येते, आणि डॉक्टर म्हणून मला त्यातच अधिक रस आहे.

कारण ती बाटली बहुधा घरातच, खिडकीत नाहीतर जिन्याखाली ठेवलेली असते. शेतात उरलेले औषध परसातल्या चार रोपांवर मारायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. मोनोक्रोटोफॉससारखे विषारी औषध भाजीपाल्यावर वापरण्यास कायद्याने बंदी आहे, तरी ते परसात पोहोचते. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेले असते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना ते वाचता येणे शक्य नाही. आणि ज्या घरात विस्मरणाचा आजार जडलेली व्यक्ती आहे, तेथे शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले कीटकनाशक म्हणजे साक्षात मरण. काळजीवाहकांनी हे आजच्या आज शोधून कुलपात ठेवावे. परसासाठी निंबोळी अर्क, हाताने वेचणी आणि कडेला लावलेला झेंडू एवढे पुरेसे आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांकडे ओढला जातो, त्यामुळे टोमॅटोवरचा भार हलका होतो.

निमगाव केतकी हे पानमळ्यांचे गाव. शेवरी, हदगा, पांगारा यांच्या आधाराने चढवलेले नागवेलीचे वेल, आत कायम ओलसर गारवा, आणि वाट इतकी अरुंद की अंग चोरून चालावे. नागवेलीला सावली आणि दमटपणा मानवतो. तेथे दाटी हाच कसब. अशा मळ्यात हयात घालवलेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ माझे रुग्ण आहेत. मळा आता मुलगा पाहतो. घरामागे त्यांनी टोमॅटो लावले तेही पानमळ्यासारखेच : दाट, सुतळ्यांनी परस्परांत गुंतवलेले, मधून कशीबशी एक पाऊलवाट. एका मार्गशीर्षातल्या सकाळी ते उकिडवे बसून खालची पाने काढीत होते. उठताना तोल गेला आणि मनगटाचे हाड मोडले.

प्लॅस्टर निघेपर्यंत घरात एकच विषय होता. सूनबाईंचे म्हणणे स्पष्ट : “डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा त्यांना, आता बाग बंद. पडले तर रात्रंदिवस मलाच करावं लागतं.” तात्यांचे म्हणणे : “खाटेवर पडून ऱ्हाण्यापरीस मळ्यात मेलेलं बरं.” दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. सूनबाईंच्या बोलण्यातला थकवा मला दिसत होता. सहा आठवडे त्यांनी तात्यांना घास भरवला होता, आंघोळ घातली होती. काळजी घेणाऱ्याच्या ‘नको’मागे बहुधा अशी एक न मोजलेली बेरीज असते. मात्र बागेतून काढून खुर्चीत बसवलेल्या म्हाताऱ्याचे पाय काही महिन्यांत किती निकामी होतात, हेही मी पाहिलेले आहे. मांडीचे स्नायू गेले की तो माणूस न्हाणीघरात पडतो, आणि तेव्हा मनगटाऐवजी खुब्याचे हाड मोडते.

तेव्हा बाग ठेवून पडण्याची कारणे शोधायची असे ठरले. तात्यांचा रक्तदाब निजलेल्या स्थितीत आणि नंतर उभे करून तीन मिनिटांच्या आत मोजला. वरचा आकडा वीसहून अधिक उतरत होता. रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी ते दोन्ही सकाळी एकदम घेत, आणि तासाभरात बागेत उकिडवे बसत. प्रोस्टेटच्या गोळीने उठताना रक्तदाब खाली जाऊ शकतो, म्हणून ती रात्री निजताना घ्यायला सांगितली. रात्री लघवीला उठताना आधी दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसायचे, ही अटही सोबत घातली. दुसरे कारण सुतळ्या. गुडघ्याच्या उंचीवर वाटेत आडव्या आलेल्या, मातकट रंगाच्या, सकाळच्या प्रकाशात न दिसणाऱ्या. तिसरे कारण ती पाऊलवाट. वीतभर रुंदीच्या वाटेत पाऊल सरळ पडत नाही, ते गादीवाफ्याच्या भुसभुशीत कडेवर पडते. चालण्याच्या वॉकरला साठ-पासष्ट सेंटिमीटर जागा लागते, काठीलाही मोकळी बाजू हवी. दोन ओळींतले दोन हात टोमॅटोला हवेत तसेच तात्यांनाही हवे होते.

अर्धी रोपे काढून टाका म्हटल्यावर मात्र ते उखडले. “वाढत्या रोपाला उपटायचं व्हय? ते पाप माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.” मी आग्रह धरला नाही. त्या हंगामात फक्त जमिनीलगतची हातभर पाने काढली, सुतळ्या ओळीच्या दिशेने बांधल्या, आणि वाटेत आलेली एक ओळ नातवाने काढली, तीही तात्या झोपले असताना. पुढच्या आश्विनात त्यांनी रोपवाटिकेतून ट्रे आणला, स्वतःचा हात टेकवून दीड-दीड हातांवर बारा रोपे लावली आणि उरलेली शेजारी वाटून टाकली. बसायला लाकडी स्टूल आले. सूनबाईंच्या तीन अटी होत्या : पायात चप्पल, हातात काठी आणि घरात कोणी असतानाच बागेत जाणे. पहिली अट मधुमेही मंडळींनी तर डोळे झाकून पाळावी. तळव्याची संवेदना गेलेली असेल, तर तारेचा तुकडा किंवा काटा रुतलेला संध्याकाळपर्यंत कळत नाही. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल तर तीही घेऊन टाकावी.

लागणीच्या हंगामाविषयी थोडेसे. या भागात घरच्यासाठी सर्वांत सुखाची लागण परतीचा पाऊस ओसरल्यावरची, म्हणजे ऑक्टोबरातली. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे असावे आणि संध्याकाळी लावावे. खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गेले तरी चालते. टोमॅटोच्या खोडाला मुळे फुटतात. अडीच महिन्यांच्या आत पहिले फळ हाती येते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी वाफा भरात राहतो. पावसाळी लागण करायचीच झाली तर अंतर आणखी सैल ठेवावे. एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशीपलीकडे जातो, फुले गळतात, आणि त्यांना पाणी घालणारे वृद्ध उष्माघाताच्या तोंडी जातात. लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवसांत सकाळी नऊनंतर बागेत पाऊल टाकू नये. उन्हाळी टोमॅटो बाजारातून आणावेत. २०२३ च्या जुलैत त्यांचा भाव किलोमागे शंभराच्या पुढे गेला होता हे मान्य. तरी दवाखान्याच्या बिलापुढे तो स्वस्तच!

आता खाण्याविषयी, कारण प्रश्न तोच अधिक विचारला जातो. टोमॅटोच्या बियांनी मूतखडा होत नाही. खड्यास कारण ठरणारे ऑक्झलेट पालकात भरपूर असते, टोमॅटोत त्या मानाने फारच थोडे. थोड्या तेलात शिजवलेल्या टोमॅटोतील लाल रंगद्रव्य, लायकोपीन, शरीराला अधिक चांगले मिळते. दात नसलेल्यांनी साल काढून शिजवून खावा. जळजळीचा त्रास असेल तर रात्रीचे टोमॅटो सार टाळावे. खरा विचार करायचा तो मूत्रपिंडाच्या रुग्णांनी. शंभर ग्रॅम टोमॅटोत सुमारे २४० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि सूप वा प्युरीत ते एकवटते. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, शिवाय स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे चालू आहेत, त्यांनी रक्तातील पोटॅशियम तपासून आपल्या डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्यावे. बाग त्यांनीही जरूर करावी. फळे नातवंडांना द्यावीत.

इंदापुरात पोहोचले की अंगणे आखडतात आणि बागा गच्चीवर चढतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावकडे रोहित पक्षी उतरतात त्याच थंडीच्या दिवसांत येथील गच्च्यांवर टोमॅटो लाल होतात. गच्चीवरही नियम तोच, मापे निराळी. एका कुंडीत एकच रोप, आणि कुंडी किमान पंधरा इंच रुंद. रंगाची वीस लिटरची बादली तळाला भोके पाडून आणि आतून स्वच्छ धुऊन चालते. येथील एक निवृत्त शिक्षिका एका बादलीत तीन रोपे लावीत आणि पिठाएवढी फळे धरीत नाहीत म्हणून खतवाल्याला दोष देत. आता त्या एकच लावतात, आणि तक्रार कबुतरांची असते. मला त्यांच्या रोपांपेक्षा जिन्याची चिंता अधिक होती. भरलेली बादली घेऊन, पदर सांभाळीत, कठड्याविना जिना चढणे सत्तरीत परवडणारे नाही. मुलाने गच्चीच्या टाकीवरून नळी आणि ठिबकचे ड्रिपर बसवून दिले, जिन्याला कठडा केला, आणि नळाखाली शेवाळ धरत असे तेथे खडबडीत फरशी घातली. रोपांचे ऊन न अडवता बाईंना बसता येईल अशी सावलीची एक जागा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला निघाली.

फाल्गुनात पाने मुरडू लागली की त्या रोपांचा मोह सोडावा. ती मुळासकट काढून घरापासून दूर नष्ट करावीत, आणि त्याच वाफ्यात किंवा त्याच बादलीतल्या मातीत लगेच वांगी, मिरची वा बटाटा लावू नये. ही सारी एकाच कुळातली आणि एकमेकांचे रोग वाटून घेणारी. मातीला महिनाभर ऊन द्यावे, आणि मग गवार लावावी. निमगावच्या तात्यांनी यंदा गवारच लावली आहे, तीही ओळीत दोन हातांची वाट सोडून.